माँराशे: ओकच्या पिंपात आंबणारी पांढरी वाईन आणि तिचा वीस एकरांचा द्राक्षमळा

ओकच्या लाकडी पिंपात आंबवलेल्या पांढऱ्या वाईनला लाकडाची चव अधिक लागणार, असे कोणालाही सहज वाटेल. द्राक्षाचा रस पिंपात पडतो, तेथेच आंबतो आणि पुढे वर्षभर तेथेच राहतो. दुसरी एखादी वाईन मात्र स्टीलच्या टाकीत आंबून पूर्ण तयार होते आणि नंतर केवळ काही महिन्यांसाठी पिंपात जाते. साधा हिशेब केला तर पहिलीत लाकूड जास्त उतरायला हवे. प्रत्यक्षात घडते ते नेमके उलट: पिंपात आंबलेली वाईन रंगाने फिकट राहते, चवीला गोलाईदार लागते आणि तिच्यातले लाकूड सहसा वेगळे जाणवत नाही, नंतर पिंपात भरलेली वाईन मात्र लाकडाचा वास पुढे करून येते. हे का होते, ते समजून घेण्यासाठी या पद्धतीच्या सर्वांत नावाजलेल्या वाईनकडे, म्हणजे फ्रान्समधल्या माँराशेकडे जाणे बरे. तिच्या बाबतीत मळा आणि पिंप या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करून सांगता येत नाहीत.

फ्रान्सच्या पूर्व भागातील बर्गंडी प्रांतात बोन नावाचे शहर आहे. त्याच्या दक्षिणेला बारा-तेरा किलोमीटरवर प्युलिन्यी आणि शासान्य ही दोन खेडी शेजारी-शेजारी वसलेली असून माँराशेचा मळा त्या दोन्हींच्या शिवेवर, जवळजवळ निम्मा-निम्मा वाटला गेला आहे. १८७९ मध्ये दोन्ही गावांनी या मळ्याचे नाव स्वतःच्या नावापुढे जोडून घेतले आणि ती प्युलिन्यी-माँराशे व शासान्य-माँराशे झाली. मळ्याने गावाचे नाव घ्यावे हे आपल्याला ओळखीचे आहे. येथे गावांनी मळ्याचे नाव घेतले, आणि त्यामागे व्यापारी हिशेब होता हे उघड आहे. मळ्याचे एकूण क्षेत्र आठ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस एकर. एवढ्या जमिनीला दीड डझनाच्या आसपास मालक आहेत. लागीश घराण्याकडे सर्वांत मोठा, सुमारे पाच एकरांचा तुकडा आहे आणि त्याची वाईन बोनचे द्रुएँ हे व्यापारी घराणे बनवते. रोमाने-कोंती या बर्गंडीच्या नावाजलेल्या वाईनघराकडे सुमारे सदुसष्ट गुंठे, मर्सो गावच्या लाफों घराण्याकडे सुमारे एकतीस गुंठे आणि प्युलिन्यीच्या लफ्लेव्ह घराण्याकडे जेमतेम आठ गुंठे. या आठ गुंठ्यांतून चांगल्या वर्षी साधारण एक पिंप वाईन निघते. बर्गंडीचे पिंप २२८ लिटरांचे असते, त्यामुळे साऱ्या जगाच्या वाट्याला लफ्लेव्हच्या माँराशेच्या तीनशेच बाटल्या येतात. या वाईनच्या भरमसाट किमतीचे बरेचसे स्पष्टीकरण या गुंठ्यांत आहे. चवीचा त्यातला वाटा लोक समजतात त्यापेक्षा कमी असावा, असे माझे मत आहे.

आता प्रश्न असा की हीच वीस एकर का? टेकडीचा उतार आग्नेयेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळपासून ऊन मिळते आणि थंड वारे मागच्या बाजूला अडतात. मळा समुद्रसपाटीपासून साधारण २५० ते २७० मीटर उंचीवर, उताराच्या मधल्या पट्ट्यात आहे. जमीन चुनखडीची. तिच्यात चिकणमातीही मिसळलेली आहे, मात्र इतकी नाही की पाणी साचून राहावे. याच्या लगेच वरच्या अंगाला शव्हालिये-माँराशे हा मळा आहे. तेथे उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि दगडगोटे जास्त, म्हणून वाईन काहीशी सडपातळ आणि धारदार होते. खालच्या अंगाला, रस्त्यापलीकडे बातार-माँराशे आहे. तेथे जमीन जवळजवळ सपाट आणि माती खोल व भारी, म्हणून वाईन भरदार पण थोडी जड उतरते. तिन्ही मळ्यांत शार्दोने हीच पांढऱ्या द्राक्षाची जात, मशागत सारखी, पिंपेही तशीच. वरच्या मळ्यातून खालच्या मळ्यात पायी जायला काही मिनिटे पुरतात, आणि तरीही जाणकाराला पेल्यात फरक कळतो. आपल्याकडे माळरान, मध्यम आणि काळी कसदार जमीन यांतला फरक शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. फ्रेंचांनी त्या फरकाला कायद्याचे रूप दिले, इतकेच. १९३७ मध्ये माँराशेच्या सीमा, जात, एकरी उत्पादनाची मर्यादा आणि नाव वापरण्याचा हक्क हे सर्व कायद्याने ठरवण्यात आले, आणि २०१५ मध्ये बर्गंडीतील अशा नावनिशीवार आखलेल्या मळ्यांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

नाशिक किंवा सांगलीकडच्या बागायतदाराला तेथील वेलीचे वर्ष वेगळेच वाटेल. आपल्याकडे वेल कधी खऱ्या अर्थाने झोपी जात नाही, म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी बहाराची छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते. बर्गंडीत थंडीने वेल पूर्ण निष्पर्ण होते, हिवाळ्यात एकच छाटणी होते, एप्रिलमध्ये डोळे फुटतात आणि तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये उरकते. वर्षाला एकच संधी. त्यामुळे डोळे फुटल्यावर एका रात्री हिमदव पडला तर वर्ष हातचे जाते, आणि २०१६ च्या एप्रिलअखेरीस तसेच झाले. एरवी हिमाच्या तडाख्यातून सुटणाऱ्या माँराशेलाही त्या वर्षी तो बसला. कित्येक मालकांच्या तुकड्यांत एक पिंपसुद्धा भरणार नाही इतकीच द्राक्षे उरली. अखेर लफ्लेव्ह, लाफों आणि रोमाने-कोंती यांच्यासह सात घराण्यांनी आपापला माल एकत्र केला आणि लफ्लेव्हच्या तळघरात त्याची मिळून दोन पिंपे, म्हणजे सहाशेच्या आसपास बाटल्या तयार झाल्या. एकमेकांच्या बांधावरून पाय न टाकणाऱ्या या घराण्यांनी रस एका पिंपात ओतावा, ही बर्गंडीत साधी गोष्ट नव्हती. त्यामागे भावनेबरोबर एक तांत्रिक अडचणही होती: अर्ध्या पिंपात वाईन नीट होत नाही. का, ते पुढे येईलच.

द्राक्षे हाताने तोडून घड देठासकट दाबयंत्रात घालतात. हवेच्या पिशवीने हळूहळू दाब दिला जातो, म्हणजे बी भरडले जात नाही आणि सालीतला कडवटपणा उतरत नाही. निघालेला गढूळ रस रात्रभर निवळू देतात. माती आणि सालपटे तळाशी बसतात, पण रस अगदी नितळ करत नाहीत, कारण पुढे यीस्टला खायला थोडा साका हवा असतो. हा रस नंतर पिंपांत उतरवला जातो. वरपर्यंत नव्हे, फेस येणार असल्याने थोडी जागा रिकामी ठेवतात.

पिंपाचे लाकूड म्हणजे मुख्यतः मध्य फ्रान्समधल्या जंगलांतला ओक. त्यांतले त्राँसेचे जंगल सर्वांत प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकात चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने आरमाराच्या जहाजांसाठी त्याची घडी बसवली, आणि जहाजे लोखंडाची झाल्यावर त्या परंपरेचा लाभ वाईनला झाला. दाट लावणीत झाड सरळ आणि सावकाश वाढते, खोडातली वर्तुळे जवळजवळ येतात, आणि दीड-दोनशे वर्षांनी ते तोडतात. हा ओक करवतीने हव्या त्या दिशेला कापून चालत नाही. त्याच्या आतल्या नळ्या मोकळ्या असतात. आडव्यातिडव्या कापल्या गेल्या तर पिंप गळते. म्हणून ओंडका धाग्याच्या दिशेने फोडावा लागतो, आणि त्यात बरेच लाकूड वाया जाते. अमेरिकन ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असल्याने तो करवतीने कापता येतो आणि म्हणूनच स्वस्त पडतो. मात्र त्याला नारळासारखा गोडसर वास फार असतो. फोडलेल्या फळ्या दोन ते तीन वर्षे उघड्यावर, उन्हापावसात रचून ठेवतात. पाऊस त्यांतला तुरटपणा धुऊन नेतो. नंतर कारागीर फळ्या लोखंडी कड्यांत उभ्या करतो, मध्ये शेगडी पेटवतो, आणि उष्णतेने मऊ झालेल्या फळ्या वाकवून त्यांना पोट देतो. त्याच आगीवर पिंप आतून भाजले जाते. भाजताना लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन तयार होते, लाकडातल्या शर्करांपासून भाजक्या बदामासारखा आणि कॅरमेलसारखा वास देणारे पदार्थ होतात, आणि जास्त भाजले तर धुरकट वास येतो. वाईनच्या चाहत्यांना ज्या वासांची भुरळ पडते त्यांतले कितीतरी वास द्राक्षात नसून या शेगडीत जन्म घेतात.

आता आंबण्याकडे येऊ. शार्दोनेच्या पिकलेल्या रसात लिटरमागे सुमारे सव्वादोनशे ग्रॅम साखर असते, म्हणजे एका पिंपात पन्नास किलोंच्या आसपास. यीस्ट ही साखर खाऊन निम्म्याहून थोडे अधिक वजनाचे अल्कोहोल आणि बाकीचा कार्बन डायऑक्साइड तयार करते. एका पिंपातून बाहेर पडणारा हा वायू मोजला तर तेरा हजार लिटरांच्या घरात जातो. तळघरात पिंपांच्या रांगा असतील तर तेथे हवा खेळती ठेवावीच लागते, नाहीतर माणूस गुदमरून पडेल. उष्णताही निघते. मोठ्या टाकीत ही उष्णता कोंडते म्हणून टाकीला बाहेरून थंड करणारी यंत्रणा लागते. पिंप लहान असल्याने त्याच्या अंगातून बरीचशी उष्णता तळघराच्या थंड हवेत निघून जाते. तरीही आतला रस स्टीलच्या टाकीतल्या रसापेक्षा काहीसा गरम आंबतो, त्यामुळे ताज्या फळांचे भडक वास कमी होतात आणि वाईनला अंग येते. पिंपाच्या तोंडाशी कान लावला तर आत सतत बारीक सळसळ ऐकू येते; ती मंदावू लागली की साखर संपत आली, हे तळघरातल्या माणसाला उपकरण न लावताही कळते. हे काम कधी तीन आठवड्यांत उरकते, कधी नाताळपर्यंत रेंगाळते.

सुरुवातीला मांडलेल्या कोड्याचे उत्तर याच यीस्टमध्ये आहे. साखर खाणारे जिवंत यीस्ट रसातल्या आल्डिहाइड प्रकारच्या पदार्थांचे अल्कोहोलमध्ये रूपांतर करत असते. तो त्याच्या चयापचयाचाच भाग आहे. लाकडातून उतरलेले व्हॅनिलिन हेही आल्डिहाइडच. यीस्ट त्याचे व्हॅनिलिल अल्कोहोल करून टाकते, आणि त्याला वास जवळजवळ नसतो. भाजण्यातून आलेल्या फुरफुरालचीही तीच गत होते. काम संपवून मेलेल्या यीस्टचा गाळ तळाशी बसतो आणि त्याच्या पेशींच्या भिंतींना लाकडातला तुरटपणा व रंग देणारे पदार्थ चिकटतात, म्हणून वाईन फिकट आणि मऊ राहते. बोर्डो येथे वाईनशास्त्रज्ञ डनी दुबूर्दियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या गोष्टी रासायनिक मोजमापाने दाखवून दिल्या, मात्र बर्गंडीचे तळघरवाले त्या कितीतरी आधीपासून अनुभवाने जाणून होते. स्टीलच्या टाकीत आंबून, गाळ काढून मग पिंपात भरलेल्या वाईनला असा राखणदार नसतो. लाकूड जे देईल ते सर्व तिच्यात तसेच राहते. रश्श्यात मसाला आधी घालून तो तेलात परतला, सोबत शिजवला, तर तो रश्श्यात विरून जातो. तोच वरून भुरभुरला तर प्रत्येक घासाला वेगळा लागतो, हा अनुभव स्वयंपाकघरात रोजचा आहे.

गाळाचे काम येथेच संपत नाही. वाईन त्याच गाळावर वर्षभर, काही घरांत दीड वर्ष ठेवली जाते. मेलेल्या पेशी हळूहळू विरघळून वाईनला स्निग्धपणा देतात, आणि हवेतला जो थोडाफार ऑक्सिजन पिंपात शिरतो तो शोषून घेतात. काही जण वाकड्या सळईने हा गाळ अधूनमधून ढवळतात. हिवाळा सरल्यावर तळघर उबदार झाले की जिवाणूंची पाळी येते: हिरव्या सफरचंदातले जळजळीत मॅलिक आम्ल ते दह्यातल्या लॅक्टिक आम्लात बदलतात आणि आंबटपणाला मवाळ करतात. या क्रियेत डायअसेटिल नावाचा लोण्याच्या वासाचा पदार्थ निघतो, पण गाळ शिल्लक असेल तर तोही बऱ्याच अंशी नाहीसा होतो. म्हणजे व्हॅनिला आणि लोणी हे ‘ओकवाल्या शार्दोने’चे म्हणून ओळखले जाणारे दोन्ही वास, पद्धत नीट पाळली तर, आवरते राहतात. या सर्व काळात पिंपातली वाईन लाकडातून थोडी थोडी उडून जाते आणि जागा रिकामी होते. त्या जागेत हवा बसू नये म्हणून दर आठवड्या-पंधरवड्याला तशीच वाईन घालून पिंप तोंडापर्यंत भरत राहावे लागते. अर्धे पिंप म्हणजे अर्धे पिंप हवा, आणि ती वाईनचा घात करते. २०१६ मध्ये सात घराणी एकत्र का आली, ते यावरून कळेल.

नवे पिंप किती वापरावे यावर मात्र एकमत नाही. रोमाने-कोंती आपली माँराशे संपूर्ण नव्या पिंपांत करते, तर द्रुएँ लागीशच्या मळ्याच्या वाईनसाठी नव्या पिंपांचा वाटा बराच कमी ठेवते. पिंप एकदा-दोनदा वापरले की त्यातले सुवासिक पदार्थ संपत येतात. पुढे ते केवळ भांडे म्हणून उपयोगी पडते. जोरकस, भरपूर अंगाच्या वाईनला नवे लाकूड पेलते आणि हलकीला ते गिळून टाकते. त्यामुळे ‘शंभर टक्के नवा ओक’ हे लेबलावरचे वाक्य मोठेपणाचे लक्षण मानणे चुकीचे आहे. द्राक्षात दम किती आहे, हे कळल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

हा विवेक सुटला की काय होते, तेही जगाने पाहिले आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकून घेतलेल्या चाचणीत कॅलिफोर्नियाच्या शातो माँटेलीना या घराची १९७३ ची शार्दोने बर्गंडीच्या नामांकित वाईनच्या पुढे, पहिल्या क्रमांकावर ठेवली. त्यानंतर कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात शार्दोनेची लाट आली आणि तिच्याबरोबर लाकडाचीही. लोण्यासारख्या, व्हॅनिलाच्या वासाने ओथंबलेल्या वाईन इतक्या निघाल्या की ‘शार्दोने सोडून काहीही द्या’ असे म्हणणारा ग्राहकवर्ग तयार झाला. पिंप महाग, म्हणून टाकीत ओकचे तुकडे सोडण्याची सोपी युक्तीही रूढ झाली. युरोपीय संघाने तिला २००६ मध्ये परवानगी दिली. तुकड्यांनी वास येतो, पण पिंपातला संथ ऑक्सिजन आणि गाळावरचे ते वर्ष तुकड्यांनी येत नाही.

महाराष्ट्रात पांढरी वाईन प्रामुख्याने शनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या जातींची, थंड केलेल्या स्टीलच्या टाक्यांत आंबवलेली असते, आणि आपल्या हवामानाला ते योग्यच आहे. तोडणी संपता संपता मार्च येतो, त्यामुळे पिंपात आंबवायचे तर खोली यंत्राने गार ठेवावी लागते आणि पिंपे परदेशातून आणावी लागतात. तरीही अकलूजजवळच्या फ्रातेल्लीने शार्दोने लावून तिची ओकमधली वाईन बाजारात आणली आहे. अशी बाटली फ्रीजमधून काढून लगेच ओतू नये. फार गार असेल तर वास बंद राहतात आणि केवळ लाकडाचा तुरटपणा जिभेवर येतो. बारा-तेरा अंश तापमानाला ती मोकळी होते.

चांगली माँराशे दहा वर्षांनी बोलू लागते आणि वीस-तीस वर्षे टिकते, असा बर्गंडीचा लौकिक होता. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या बाटल्यांनी तो डळमळीत केला. लोकांनी सात-आठ वर्षांनी बाटल्या उघडल्या तेव्हा त्यांतल्या काही तपकिरी झालेल्या, सुकलेल्या सफरचंदाचा वास येणाऱ्या निघाल्या, आणि त्याच पेटीतली शेजारची बाटली मात्र ठणठणीत. दोष बुचाच्या सालीवर गेला, वाईन टिकावी म्हणून घालतात त्या गंधकाचे प्रमाण घटवण्यावर गेला, गाळ अती ढवळण्यावर गेला, आणि रस जास्त हळुवारपणे दाबू लागल्यामुळे त्यातली नैसर्गिक संरक्षक द्रव्ये कमी झाली, असेही म्हटले गेले. एकाच पेटीत इतका फरक पडत असेल तर निदान एक आरोपी बूच आहे, हे मान्य करावे लागते. काही घरांनी ढवळणे जवळजवळ बंद केले आणि दाबयंत्राचा दाब पुन्हा वाढवला. लफ्लेव्हने २०१४ च्या हंगामापासून अखंड सालीचे बूच सोडून सालीचा भुगा शुद्ध करून घट्ट दाबून केलेले डियाम बूच वापरायला सुरुवात केली. त्या वर्षाच्या बाटल्या आता वयात येत आहेत.